प्रतिभेच्या अटीवरचे समावेशन : 'तारे जमीन पर' या चित्रपटाचा पुनर्विचार

प्रास्ताविक

२१ डिसेंबर २००७ रोजी प्रदर्शित झालेल्या 'तारे जमीन पर' या हिंदी चित्रपटाने 'डिस्लेक्सिया' हा शब्द मध्यमवर्गीय घरांच्या बोलण्यात आणून सोडला. तोपर्यंत वाचता न येणाऱ्या मुलाला 'ढ', 'आळशी', 'लक्ष नसलेला' ही तीनच विशेषणे उपलब्ध होती. चौथा, दोष न देणारा शब्द या चित्रपटाने दिला. हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु लोकप्रिय कलाकृती जेव्हा एखाद्या सामाजिक प्रश्नाची ओळख करून देते, तेव्हा ती त्या प्रश्नाला एक आकारही देते आणि पुढे प्रत्यक्षातील माणसे त्या आकारात बसवून पाहिली जातात. अध्ययन अक्षमता असलेला विद्यार्थी म्हणजे दडलेला कलावंत आणि त्याला मदत म्हणजे एका संवेदनशील शिक्षकाचे प्रेम, असा तो आकार आहे. 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' नुसार हा विद्यार्थी आता महाविद्यालयात हक्काने येतो. अशा वेळी या आकाराची तपासणी करणे प्राध्यापकवर्गाच्या दृष्टीने उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात त्या अनुषंगाने चित्रपटाचा विचार केला आहे.

कथाबीज आणि त्याचा वारसा

चित्रपटाचे दिग्दर्शन आमिर खान यांचे असले, तरी लेखन अमोल गुप्ते यांचे आणि मूळ कल्पना संकलक दीपा भाटिया यांची आहे. कथेच्या तयारीसाठी गुप्ते आणि भाटिया यांनी मुंबईतील महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन या संस्थेत माहिती घेतली होती. ही संस्था १९९६ पासून कार्यरत आहे. मात्र कल्पनेचा उगम तेथे नाही. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे बालपण हे आपले मूळ प्रेरणास्थान असल्याचे भाटिया यांनी सांगितले आहे. कुरोसावा शाळेत मागे पडलेले होते. चित्रकलेचे शिक्षक तचिकावा यांनी त्यांच्यातील गुण ओळखला, अशी हकिकत त्यांच्या आत्मचरित्रात येते. म्हणजे ज्या बीजातून इशान अवस्थी निर्माण झाला, ते बीज एका भावी प्रतिभावंताचे होते. पुढे त्याला वैद्यकीय नाव मिळाले, लक्षणे मिळाली, उपचारपद्धती मिळाली. पण बीजाचा गुणधर्म बदलला नाही. चित्रपटातील पुढील अनेक गोष्टींचे स्पष्टीकरण या एका तपशिलातून मिळते.

कथानक बहुतेकांना परिचित आहे. तिसरीच्या वर्गात दुसऱ्यांदा बसलेला आठ-नऊ वर्षांचा इशान, वर्गात पहिला येणारा थोरला भाऊ योहान, कर्तबगारीवर विश्वास ठेवणारे वडील, हतबल आई, पाचगणीची निवासी शाळा आणि कथा बरीच पुढे गेल्यावर अवतरणारा हंगामी चित्रकला शिक्षक राम शंकर निकुंभ. निकुंभ 'ट्यूलिप्स' या विशेष मुलांच्या शाळेतही शिकवतो. स्वतः तोही याच अडचणीतून गेलेला आहे.

पूर्वार्धाचे सामर्थ्य

चित्रपटाचा पूर्वार्ध उत्तरार्धापेक्षा सरस आहे, आणि याचे कारण केवळ दर्शील सफारी या बालकलाकाराचा अभिनय नव्हे. पूर्वार्धात कोणीही काही समजावून सांगत नाही. फळ्यावरील अक्षरे हलू लागतात, तीन गुणिले नऊ या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुलाच्या डोक्यात ग्रह एकमेकांवर आदळतात आणि उत्तरपत्रिकेवर 'तीन' एवढेच उमटते. गणित चुकले आहे. पण विचार झालेला आहे. चूक ही विचाराच्या अभावातून नव्हे, तर वेगळ्या वाटेने गेलेल्या विचारातून आली, हे शिक्षकाला इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दृश्य आपल्याकडील शिक्षणविषयक व्याख्यानांतही क्वचित सापडेल.

निवासी शाळेत गेल्यावर इशान चित्रे काढणे थांबवतो. ही या चित्रपटातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी चर्चिली गेलेली घटना होय. या टप्प्यावर त्याच्याजवळ काहीच उरलेले नसते : वाचन नाही, लेखन नाही, खोड्या नाहीत आणि कुंचलाही नाही. निकुंभ पहिल्या तासाला मुलांना मनाला येईल ते काढायला सांगतो, तेव्हा इशानचा कागद कोरा राहतो. निकुंभचे लक्ष वेधून घेतो तो हा कोरा कागद. त्यानंतर तो इशानच्या वह्या तपासतो आणि चुकांमधील सुसंगती त्याच्या लक्षात येते. म्हणजेच मदतीची सुरुवात होते ती प्रतिभेचा कोणताही पुरावा हाती नसताना. एक मूल त्रासात आहे एवढ्याच कारणाने. चित्रपटाने येथे फार मोलाचे काहीतरी हाती घेतले होते.

ते त्याने पुढे सोडून दिले. निकुंभ मुंबईला इशानच्या घरी जातो, तेथे त्याची चित्रे आणि कुटुंबापासून दूर जाणाऱ्या मुलाची पानापानांतून हलणारी चित्रवही पाहतो, आणि त्या क्षणापासून कथेचे तर्कशास्त्र बदलते. आता इशानला मदत का करायची याचे उत्तर 'तो त्रासात आहे' असे उरत नाही. 'तो असामान्य आहे' असे होते. वर्गात निकुंभ आइनस्टाइन, लिओनार्दो दा व्हिंची अशी नावे सांगतो. हयात नसलेल्या थोर व्यक्तींना असे निदान लावण्यास विश्वसनीय आधार नसतो, हा आक्षेप जुना आहे आणि तो बाजूला ठेवला तरी चालेल. महत्त्वाचे हे की, नाउमेद मुलाला धीर देण्यासाठी दिलेली ही यादी प्रेक्षकाकडून निकषासारखी वाचली जाते. शेवटी चित्रकला स्पर्धा होते, चित्रकार ललिता लाजमी स्वतःच परीक्षक म्हणून पडद्यावर येतात, आणि गुणांच्या चढाओढीवर टीका करीत आलेला चित्रपट पहिल्या क्रमांकाने समाप्त होतो. धाकटा भाऊ आता थोरल्याइतकाच विजेता झाला आहे. वडिलांच्या दृष्टिकोनाचा पराभव झाला असे प्रेक्षकाला वाटते. वस्तुतः वडिलांना फक्त वेगळ्या विषयातील निकाल मिळालेला असतो.

'हुशार मुला'चा इतिहास

ही अडचण केवळ पटकथेची नाही. संकल्पनेच्या इतिहासातच ती आहे. इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. मुलगा चुणचुणीत, खेळात तरबेज, पण त्याला वाचता येत नसे. शिकवणे संपूर्णपणे तोंडी असते तर हाच शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नमूद केले आहे. पुढे १९६३ साली अमेरिकेत सॅम्युएल कर्क यांनी पालकांच्या परिषदेत 'अध्ययन अक्षमता' ही संज्ञा मांडली, तिच्या स्वागतामागेही आपले मूल 'मतिमंद' नाही हे सांगता येण्याचा दिलासा होता. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक आणि वाचन मात्र त्या मानाने कमी, अशा तफावतीवर निदान दीर्घकाळ आधारलेले राहिले. म्हणजे या मुलांची बाजू मांडताना दुसऱ्या मुलांपासून त्यांना वेगळे काढणे हा युक्तिवादाचा भागच होऊन बसला.

चित्रपटात हे वेगळे काढणे प्रत्यक्ष दिसते. मुख्याध्यापक विशेष शाळेचा पर्याय सुचवतात, तेव्हा निकुंभची सारी धडपड इशान त्या मुलांसारखा नाही हे पटवून देण्याची आहे. पण 'ती मुले' म्हणजे निकुंभचीच 'ट्यूलिप्स'मधील मुले. चित्रपट त्यांच्याकडे ममतेने पाहतो. त्यांना गाण्यात आणि चित्रमेळ्यात स्थान देतो. परंतु कथा देत नाही. त्यांच्यापैकी कोणी पाचगणीच्या वर्गात बसावे, हा प्रश्न कोणत्याही पात्राच्या मनात येत नाही. इशानचा मित्र राजन दामोदरन याला पायाचे अपंगत्व आहे व तो सर्वसामान्य वर्गात आहे, पण तो अत्यंत हुशार आहे. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाने काहीतरी असामान्य हातात घेऊनच यावे, असा हा संकेत आहे.

मराठी चित्रपटातही त्याचा आढळ होतो. 'यलो' (२०१४) या चित्रपटातील डाऊन सिंड्रोम असलेली नायिका जलतरणपटू आहे आणि ज्या खेळाडूच्या आयुष्यावर तो बेतला आहे, तिनेच मोठेपणीची भूमिका केली आहे. त्या कर्तृत्वाचा आदर राखूनही असे म्हणावे लागते की, पोहता न येणाऱ्या मुलीवर चित्रपट निघाला नसता. याउलट 'चौकट राजा' (१९९१) मध्ये दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला नंदू कशातच प्रवीण नाही. बालपणीच्या अपघाताने मनाची वाढ खुंटलेल्या या प्रौढ माणसाला पडद्यावर भरपाई म्हणून कोणतेही कौशल्य दिलेले नाही. तो चित्रपट भावुकतेत अनेकदा वाहवत जातो, अभिनयही काही ठिकाणी ठळक होतो; तरी नंदूने कोणाच्या घरात, कोणाच्या सोबतीने राहायचे हा त्याचा प्रश्न अधिक कठीण आणि अधिक प्रामाणिक आहे.

विशेष म्हणजे कायद्याने हा भेद वेगळ्या रीतीने हाताळला आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सात प्रकारांची नोंद होती. अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. २०१६ च्या अधिनियमात प्रकारांची संख्या २१ झाली आणि 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' तीत समाविष्ट झाली. अनुसूचीत ती 'बौद्धिक दिव्यांगत्व' या शीर्षाखालीच ठेवलेली आहे. शास्त्रीय वर्गीकरण म्हणून ही रचना वादग्रस्त आहे आणि तज्ज्ञांचा त्यावरील आक्षेप रास्त आहे. परंतु व्याख्या वाचली असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. भाषेवर प्रक्रिया करण्यातील उणीव, तीतून उद्भवणाऱ्या आकलन, वाचन, लेखन, शुद्धलेखन वा गणनातील अडचणी यांचाच तीत उल्लेख आहे. बुद्धी सरासरीहून अधिक असावी किंवा अन्य कोणता गुण असावा, अशी अट नाही. निकुंभला जे सिद्ध करावे लागले, ते आता कोणालाही सिद्ध करावे लागत नाही.

मुख्याध्यापकांच्या खोलीतील दृश्य

चित्रपटात एक लहानसे, संगीत नसले तरी चालले असते असे दृश्य आहे. निकुंभ मुख्याध्यापकांकडे जाऊन काही सवलती मागतो : उत्तरे तोंडी घ्यावीत, शुद्धलेखनाकडे काही काळ दुर्लक्ष करावे, आठवड्यातून काही तास आपण त्याला स्वतंत्र शिकवू. मुख्याध्यापक कुरकुरत मान्य करतात आणि कथा पुढे सरकते. वाळूत अक्षरे गिरवणे, मातीचे आकार, जिन्याच्या पायऱ्यांवर बेरीज-वजाबाकी अशी दृश्ये एका गाण्याच्या अवधीत येऊन जातात. जे काम प्रत्यक्षात वर्षानुवर्षे चालते, ते येथे काही मिनिटांत आटोपते. लोकप्रिय चित्रपटाची ती गरजच असते, हे मान्य. पण समावेशनाचा खरा व्यवहार घडतो तो या खोलीत. पर्सीच्या शिक्षकाने १८९६ साली जे सुचवले होते, तेच येथे पुन्हा मागितले जात आहे, आणि मागणी करणारा एक हंगामी शिक्षक आहे. तो भला आहे, मुख्याध्यापकही त्या दिवशी भले आहेत, म्हणून काम होते. निकुंभची मुदत संपल्यावर काय, हे चित्रपट विचारीत नाही.

वास्तविक २००७ साली महाराष्ट्रात या मागणीसाठी कोणाच्या भलेपणावर विसंबण्याचे कारण नव्हते. राज्य शासनाने १९९६ पासूनच अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांसाठी सवलती मान्य केल्या होत्या : परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित आणि कार्यानुभवाचा विषय. मुंबईत महापालिकेच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी व प्रमाणपत्राची सोय होती. मुंबईत घडणाऱ्या, मुंबईतील संस्थेत माहिती घेऊन लिहिलेल्या या कथेत त्या व्यवस्थेला जागा मिळाली नाही. व्यवस्था नाट्यमय नसते, हे खरे. पण मग प्रेक्षकाच्या मनात हक्काची नव्हे, उपकाराची प्रतिमा राहते.

आज या सवलतींना कायद्याचे पाठबळ आहे. अधिनियमाच्या कलम १७ मध्ये वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ सालच्या दोन निर्णयांत ही बाब आणखी पुढे नेली. फेब्रुवारीतील निर्णय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारलेल्या उमेदवाराचा होता, तर नोव्हेंबरमधील निर्णय 'नीट' परीक्षेत वाढीव वेळ न मिळालेल्या, लेखन अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीचा. ४० टक्के ही मर्यादा आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी आहे; परीक्षेतील वाजवी सोय तीवर अवलंबून ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्या विद्यार्थिनीच्या अंगी दुसरी कोणती कला होती, याची चौकशी न्यायालयाला करावी लागली नाही.

लिपीचा प्रश्न

चित्रपटाने लोकांच्या मनात ठसवलेले लक्षण म्हणजे उलटी अक्षरे. इशानच्या वहीत इंग्रजीतील 'बी' आणि 'डी' यांची अदलाबदल होते, काही अक्षरे आरशातल्यासारखी उमटतात. प्रशिक्षण वर्गांतही बहुधा हेच उदाहरण दिले जाते. परंतु मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे लक्षण शोधणाऱ्याची फसगत होण्याचा संभव अधिक आहे. देवनागरीत एकमेकांची प्रतिबिंबे असणारी अक्षरे नाहीत. इंग्रजी वर्णलेखन अनियमित आहे. मराठीत बहुतांशी जसा उच्चार तसे लेखन असते. त्यामुळे अशा लिपीत वाचन अक्षमता असलेले मूल बहुतेक शब्द बरोबर वाचते, पण फार हळू वाचते. चुका होतात त्या जोडाक्षरांत, रफारात, ऱ्हस्व-दीर्घात, काना-मात्रा-वेलांटी गळण्यात. यांपैकी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर पदव्युत्तर वर्गातही इतक्या सर्रास असतात की, त्यांच्याकडे लक्षण म्हणून पाहण्याचे कोणालाही सुचत नाही. संथपणा हे मुख्य लक्षण, आणि संथपणाला आपल्याकडे 'अभ्यास नाही' असे म्हणतात.

निदानाची साधनेही शहराकडे आणि बालवयाकडे झुकलेली आहेत. ४ जानेवारी २०१८ रोजी केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी बंगळूर येथील निमहान्सची चाचणीमाला नेमून दिली. ती मुख्यतः १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तयार झालेली आहे. प्रमाणपत्र आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी द्यावे, अठराव्या वर्षीचे कायम मानावे, अशी त्या सूचनांतील अपेक्षा होती. शाळेत कोणाच्याच लक्षात न आलेला विद्यार्थी एकोणिसाव्या वर्षी प्रथमच प्राध्यापकासमोर येतो, तेव्हा तो या क्रमात कोठेच बसत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तालुक्याच्या महाविद्यालयात आलेल्यांची गोष्ट सहसा अशीच असते. त्यांच्या वाट्याला निकुंभ आला नाही आणि रुग्णालयातील तपासणीही आली नाही.

पाचगणीनंतर

इशान आता असता तर पदवी घेऊन बाहेर पडलेला असता. कदाचित कला महाविद्यालयातून. शाळेतील सवलती त्याला तेथपर्यंत सहज नेऊ शकल्या असत्या. इतरांची वाट इतकी सरळ नसते. शालेय स्तरावर एका भाषेतून सूट घेतलेला विद्यार्थी प्रथम वर्षाला येतो, आणि तेथे अनिवार्य भाषेची प्रश्नपत्रिका त्याची वाट पाहत असते. बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित घेतलेल्याला विज्ञान शाखेची दारे शाळेतच बंद झालेली असतात, हे पालकांना बहुधा नंतर कळते. सूट आणि साहाय्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. सूट विषय काढून घेते. साहाय्य तो विषय शिकण्याचा मार्ग बदलते. आपल्या व्यवस्थेने सूट देणे लवकर शिकून घेतले, कारण ती एका परिपत्रकाने देता येते. वाळूत गिरवलेल्या अक्षरांचे महाविद्यालयीन प्रतिरूप काय असावे, याचा विचार त्या मानाने झालेला नाही : टिपणे आधी देणे, ध्वनिमुद्रणास परवानगी, फळ्यावरील मजकूर वाचून दाखवणे, मोठ्या प्रश्नाचे तुकडे करून विचारणे. यांपैकी कशालाही निधी लागत नाही.

नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालये गेल्या काही वर्षांत दिव्यांगस्नेही सुविधांची छायाचित्रे जोडत आली आहेत. त्यांत उतरणी असतात, कठडे असतात, स्वच्छतागृहे असतात. या सुविधा हव्यातच. पण वाचनाच्या संथपणासाठी बांधलेल्या उतरणीचे छायाचित्र काढता येत नाही, म्हणून ती अहवालात येत नाही, आणि अहवालात येत नाही म्हणून बांधली जात नाही, असे चक्र अनेक ठिकाणी दिसते.

लेखनिकाची तरतूद त्यातल्या त्यात रुळलेली आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे भरपाईचा वेळ सांगितला आहे. मात्र ती सोय परीक्षेपूर्वी अर्ज करणाऱ्यालाच मिळते, आणि अर्ज करण्यासाठी आपली अडचण कोणत्या प्रकारची आहे हे विद्यार्थ्याला कोणीतरी सांगितलेले असावे लागते. केंद्रीय मूल्यमापनात उत्तरपत्रिका क्रमांक झाकून परीक्षकापुढे येते. चार प्रश्नांपैकी दोनच सोडवलेले, अक्षर वेडेवाकडे, शुद्धलेखन ढासळलेले आणि उरलेली पाने कोरी. लिहिणाऱ्याला वेळ कमी पडला की अभ्यास, हे त्या पानांवरून ठरवण्याचे कोणतेही साधन परीक्षकाजवळ नसते. ते साधन असते वर्षभर त्याला वर्गात पाहणाऱ्या शिक्षकाजवळ, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, पहिल्या चाचणीचे कागद हातात आलेले असताना.